सदतीस नंबरचे दाजी

बारा वाजून पाच मिनिटं झाली तरी नवरदेवाचे मोठे दाजी गाडीतून उतरले नव्हते. पांढऱ्या सुमोच्या काचा वर, इंजिन चालू, आत गारवा, आणि पुढच्या सीटवर हणमंतराव मोहिते फेटा बांधून ताठ बसलेले. मागच्या सीटवर त्यांची बायको. ती नवरदेवाची थोरली बहीण, म्हणजे या लग्नातली करवली. तिच्या मांडीवर तांब्याचा करा होता आणि त्यावर नारळ. मुहूर्त बारा पस्तीसचा होता, आणि करवली मागं उभी राहिल्याशिवाय नवरदेव बोहल्यावर चढणार नव्हता.

दाजींची नजर समोरच्या पत्र्याच्या पाटीवर खिळली होती. पाटीवर सदतीस हा आकडा होता. तो मी काढला होता.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. आमचं मंगल कार्यालय कराड-विटा रस्त्याला लागून. मालक माझे वडील, त्यांना घरदार आणि अख्खा गाव तात्या म्हणायचा. मी पुण्याहून आर्किटेक्ट होऊन परत आले होते आणि मला रस्त्याकडेच्या दोन खोल्यांमध्ये स्वतःचं ऑफिस थाटायचं होतं. आईला मात्र मला कोल्हापूरला थाटायचं होतं. तिच्या भावानं तिथलं एक स्थळ आणलं होतं आणि ती उठता बसता त्या मुलाच्या उंचीचं कौतुक करायची.

कार्यालयापुढं दीड एकर मोकळं रान होतं. लग्नाच्या दिवशी तिथं ज्याला जिथं वाटेल तिथं तो गाडी लावायचा. शेवटी आलेला सगळ्यांत आधी निघायचा आणि सगळ्यांत आधी आलेला दिवेलागणीपर्यंत हॉर्न वाजवत बसायचा. मागच्या हंगामात एक जीप मागं घेताना एका म्हातारीला धक्का बसला आणि तिचा हात मोडला. ते तात्यांच्या मनाला लागलं. तेव्हा ते मला म्हणाले, "वैजू, तुला एवढी हौस हाय तर हे पार्किंग करून दाव. माणूस मरू नये, गाडी अडू नये आन बघणाऱ्यानं बघतच ऱ्हावं."

मी लगेच हो म्हणाले. मग त्यांनी आईच्या देखत अट घातली.

"तुळशीच्या लग्नानंतर पहिलं लग्न बाबरांचं हाय. त्या लग्नात एका जरी पाव्हण्यानं तुझ्या कामाची तक्रार केली, तर मी कोल्हापूरला होकार कळवणार. न्हाई केली, तर दोन खोल्या तुझ्या."

तात्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आई खूश झाली. एवढ्या पाव्हण्यांत एकही तक्रार करणार नाही, असं लग्न तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मी दोन महिने त्या रानात राबले. आत यायला एक फाटक, बाहेर पडायला दुसरं. अठ्ठेचाळीस गाड्यांच्या जागा, सगळ्या तिरक्या आखलेल्या. गाडी सरळ आत शिरावी आणि जागेतून पुढंच निघून दुसऱ्या वाटेला लागावी, कुणाला गाडी मागं घ्यायची वेळच येऊ नये, म्हणून तो खटाटोप. पायी चालणाऱ्यांना वेगळी फरसबंद वाट. पावसाचं पाणी वाहून जायला उतार. दोन ओळींच्या मध्ये करंजाची झाडं आणि त्यांच्या बुंध्याशी झेंडूचे ताटवे. तिरक्या पांढऱ्या रेघा पाहून तात्या एकदाच बोलले.

"पेंटर पिऊन आलता का?"

माझ्या घोड्यानं पेंड खाल्ली ती आकड्यांपाशी. पुण्यात शिकवलं होतं की जागांना क्रमांक द्यावेत. म्हणून मी प्रत्येक जागेच्या पुढच्या कोपऱ्यात लाकडी खुंटी रोवून तिच्यावर पत्र्याची पाटी बसवली आणि एकपासून अठ्ठेचाळीसपर्यंत आकडे घातले. मांडवाच्या दाराशी एक नंबर, तिथून लांब लांब जात अठ्ठेचाळीस. ज्या भागात लग्नपत्रिकेत एका काकाचं नाव दुसऱ्या काकाच्या खाली छापलं म्हणून दोन पिढ्या बोलणं बंद राहतं, त्या भागात मी पाव्हण्यांना नंबर दिले. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

आणि हे सगळं राबवायला तात्यांनी नेमले होते ज्योतीराम हवालदार. फौजेतून निवृत्त झालेले, मिशा वळलेल्या, गळ्यात शिट्टी. त्यांना मी नियम सांगितला की जो आधी येईल त्याला पुढची जागा. हवालदारांनी टाचा जुळवून तो ऐकला. त्या माणसाला एकदा नियम सांगितला की मग तो देवालाही मोडता यायचा नाही.

लग्नाच्या दिवशी पहाटे पाचला पहिली गाडी आली. ती होती आचाऱ्याचा कांदे घेऊन आलेला छोटा हत्ती टेम्पो. हवालदारांनी त्याला सलाम ठोकून एक नंबरवर लावला.

मग भांड्यांची गाडी दोन नंबरवर, बँडवाल्यांची तीनवर, फोटोवाला चारवर. नवरीकडची वऱ्हाडी मंडळी विसाच्या पुढं. नवरदेवाकडचे आले तेव्हा पस्तिशी उलटली होती. दाजींची सुमो सदतीसवर लागली. त्यांनी खाली उतरायला दार अर्धं उघडलं, समोरची पाटी वाचली, मान वळवून मांडवाच्या दाराशी काय आहे ते पाहिलं, आणि दार परत ओढून घेतलं.

तात्या काचेपाशी वाकले. मी त्यांच्या मागं, नकाशाची गुंडाळी हातात घेऊन.

"दाजी, मुहूर्त जवळ आलाय. उतरून घ्या."

काच चार बोटं खाली आली.

"खराडेसाहेब, तिकडं एक नंबरला काय हाय?"

तात्यांनी बघितल्यासारखं केलं. "कांदं हायती."

"कांद्याला एक नंबर आन जावयाला सदतीस," दाजी म्हणाले, आणि काच वर गेली.

मागच्या सीटवरून करवली अक्कांनी आमच्याकडं बघून डोळ्यांनीच माफी मागितली. पण त्या उतरणार नव्हत्या. नवरा गाडीत बसलेला असताना उतरायचं, तर पुढची वीस वर्षं ऐकून घ्यावं लागलं असतं.

तात्यांनी लगेच टेम्पो काढायला माणूस पिटाळला. आचारी कांदा चिरण्यात गुंतला होता, चावी त्याच्या कनवटीला, ती मिळवून टेम्पो हलवेपर्यंत सव्वाबारा झाले. एक नंबरची जागा मोकळी झाली, झाडून घेतली, तिथं रांगोळीसुद्धा काढली. तात्यांनी परत काच वाजवली.

"चला दाजी. जागा तयार हाय."

"ज्या जागेवर कांदा बसला, तिथं मी बसू?"

तेवढ्यात शेजारच्या अडतीस नंबरच्या गाडीची काच खाली आली. आत नवरीचे मामा होते, उत्तमराव. ते इथं असायला नको होते, कारण नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं काम मामाचं. ते एव्हाना मांडवात असतील असं मी धरून चालले होते.

"तात्या," मामा शांतपणे म्हणाले, "दाजींना एक नंबर देत असाल तर माझी काय हरकत न्हाई. मी हितंच बसतो. पोरीला तुमच्या हवालदाराबरोबर पाठवा."

म्हणजे करवली एका गाडीत आणि मामा दुसऱ्या गाडीत. नवरदेव मारुतीच्या देवळातून घोड्यावरून येऊन फाटकाशी उभा, नवरी आतल्या खोलीत, आणि दोघांच्या मध्ये माझं देखणं पार्किंग. भोवती शे-दीडशे माणूस जमलं. बँडवाल्यांना कुणी थांबा म्हणालं नव्हतं, त्यामुळे ते वाजवतच होते.

दाजींनी आता दारच उघडलं, पण पाय बाहेर टाकला नाही. "मला एक सांगा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही नंबरं घालायची अक्कल कुठल्या गाढवाची?"

मी एक पाऊल पुढं झाले. कोल्हापूर मला डोळ्यांसमोर दिसत होतं, तरीही झाले. तोंड उघडलं, पण माझ्याआधी तात्या बोलले.

"सांगलीचा एक इंजिनियर हाय. त्याचं काम हाय हे."

"हाकला त्याला," दाजी म्हणाले.

"हाकलतो," तात्या म्हणाले.

मला फार लागलं. दोन महिने उन्हात उभं राहून मी ती एकेक रेघ मारून घेतली होती, आणि चारचौघांत माझं नाव घ्यायची माझ्या बापाला लाज वाटली. दाजींनी मला गाढव म्हटल्याचं मला काहीच वाटलं नव्हतं. मी तात्यांकडं पाहिलं, पण ते माझ्याकडं बघत नव्हते.

रागाच्या भरात माणसाला कधी कधी बरं सुचतं. पेंटरचे उरलेले रंगाचे दोन डबे आणि ब्रश हवालदारांच्या खोलीत होते. ते घेऊन मी सदतीस नंबरपाशी आले, पाटी खुंटीवरून उपसली, उलटी केली, कोऱ्या बाजूवर मोठा एक काढला आणि पाटी जागेवर बसवली.

"दाजी," मी म्हणाले, "तुम्ही कशाला हलायचं? एक नंबरच तुमच्याकडं आलाय."

दाजींनी पाटी वाचली. पुढं मागं पाहिलं. मग त्यांनी पाय खाली ठेवला.

"आमी अडतीसच का?" मामांनी विचारलं. मी अडतीसची पाटी उपसली, तीही उलटी केली आणि तिच्यावर एक काढला.

दाजींनी पाय परत आत घेतला. "दोन एक नंबर कसं काय असत्यात?"

"एक वरपक्षाचा, एक वधूपक्षाचा."

यावर दोघंही विचारात पडले. हे म्हणणं रीतीला धरून होतं. मांडवात मानाच्या खुर्च्या दोन्हीकडं असतात, आहेर दोन्हीकडून होतात, मग एक नंबर दोन्हीकडं का नसावा? दाजींनी फेटा सावरला. करवली अक्का तर करा घेऊन खाली उतरल्यासुद्धा.

आणि तेवढ्यात छत्तीस नंबरची काच खाली आली.

"मी नवऱ्याचा सख्खा चुलता," आतले म्हातारबाबा म्हणाले. "जावई एक आन चुलता छत्तीस, हे बरं दिसतंय का?"

त्याच्यानंतर मी कुणालाच विचारत बसले नाही. ब्रश हवालदारांच्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला, आणि म्हणाले, "सगळ्या पाट्या उलट्या करा. सगळ्यांवर एक घाला."

हवालदारांचा चेहरा पडला. "ताईसाहेब, अठ्ठेचाळीस गाड्या आन नंबर एकच? ह्याचं रजिस्टर कसं लिवायचं?"

"एक नंबर, एक नंबर, एक नंबर, असं लिहा."

"फौजेत असतो तर कोर्ट मार्शल झालं असतं," ते पुटपुटले, पण हुकूम तो हुकूम. ते एका टोकानं निघाले आणि मी दुसऱ्या टोकानं. पाव्हण्यांचा धीर निघेना. सोळा नंबरवाल्यांनी स्वतःच पाटी उपसून हातात धरली आणि माझी वाट बघत उभे राहिले. एका गृहस्थांनी त्यांचा एक शेजारच्या एकापेक्षा बारीक आलाय म्हणून परत काढून घेतला. भांड्यांच्या गाडीवाल्यानं आम्हाला चहासुद्धा पाजला. ज्यांना हवालदारांनी नंबराचे कागदी टोकन दिले होते, ते टोकन बदलून मागायला लागले, म्हणून त्यांच्यावरही खाडाखोड करून एक घालून दिला. माझ्या साडीला, केसांना, कोपरापर्यंत रंग लागला होता.

लग्न एक वाजून दहा मिनिटांनी लागलं. आमच्याकडं त्याला वेळेवर लागलं म्हणतात. मामांनी नवरीला हाताला धरून आणलं, करवली अक्का करा घेऊन भावाच्या मागं उभ्या राहिल्या, आणि दाजींनी सगळ्यांत जास्त अक्षता टाकल्या.

मला धास्ती होती ती संध्याकाळची. सगळे एकाच नंबरचे, टोकनवर एकच आकडा, आता गाड्यांचा घोळ होणार असं मी धरून चालले होते. काहीच झालं नाही. प्रत्येकजण सरळ चालत आपापल्या गाडीपाशी गेला. आपली गाडी कुठली हे माणसाला आपोआप कळतं, हे मला कॉलेजच्या पाच वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. तिरक्या जागांमधून एकेक गाडी पुढंच निघाली, एकही मागं घ्यावी लागली नाही, म्हाताऱ्याकोताऱ्या फरसबंद वाटेनं पिशव्या सांभाळत गेल्या, आणि अर्ध्या तासात मैदान मोकळं झालं. याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे एक नंबरचंच कौतुक करत होते.

दाजी निघताना तात्यांचा हात हातात घेऊन उभे राहिले.

"सांगलीचा तो इंजिनियर हुशार हाय हो. आधी वाटलं येडा हाय. आवंदा आमच्या कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रोज हाणामारी, आधी कुणाचा नंबर म्हणून. मी संचालक हाय तिथला. सोमवारी त्याला पाठवा. यार्ड त्याच्याकडनंच करून घ्यायचं."

मी तीन हात लांब उभी होते. तात्या आता तरी बोलतील असं वाटलं. लग्न पार पडलं होतं, पाव्हणे खूश होते, आता माझं नाव घ्यायला काय हरकत होती?

"पाठवतो," तात्या म्हणाले. "सांगलीला निरोप धाडतो."

सुमो गेली. हवालदार रजिस्टर घेऊन खोलीत गेले. मी करंजाच्या आळ्याच्या कडेला बसले आणि मला रडू आलं. तात्या येऊन उभे राहिले, मग धोतर सावरून शेजारी बसले. ते असे जमिनीवर बसलेले मी क्वचितच पाहिले होते.

"तात्या, गाढव म्हणवून घ्यायला मी तयार होते," मी म्हणाले. "माझं नाव का नाही घेतलं?"

"घेतलं असतं, तर तक्रार कुणाची झाली असती?"

मी पदरानं डोळे पुसले.

"शब्द दिला हुता मी," ते म्हणाले. "तुझ्या कामाची तक्रार आली की कोल्हापूर. मला शब्द मोडता येत न्हाई. तक्रार आली ती सांगलीच्या इंजिनियरची. तुझी एक बी आली न्हाई. तुझ्या आईला मघाशीच सांगितलं. दोन खोल्या उद्या झाडून घे."

"त्या दाजींच्या तोंडासमोर एवढ्या पटकन सुचलं तुम्हाला?"

"पटकन कुठलं? अट घातली त्याच दिवशी गावात सांगून ठिवलं हुतं, पार्किंगचं काम सांगलीचा इंजिनियर करतोय म्हणून. हवालदाराला ठावं, पेंटरला ठावं. तुला सोडून समद्यांस्नी ठावं हाय."

मला हसावं का रडावं ते कळेना. "मग अट घातलीच कशाला?"

"तुझ्या आईला कायतरी सांगाय पायजे हुतं," तात्या म्हणाले. "आन लग्नात तक्रार येणार न्हाई, असं हुतंय का कधी?"

पेंटर रोज मला विचारायचा, साहेब कधी येणार. मी समजायचे की तो तात्यांना साहेब म्हणतोय. दोन महिने मी एका नसलेल्या माणसाच्या हाताखाली काम करत होते आणि बाप माझ्या पाठीशी उभा होता, तो असा.

"आणि शाबासकी? तीही सांगलीलाच गेली."

"जाईना," ते म्हणाले. "सोमवारी कारखान्यावर तूच जा. म्हणायचं, साहेब आजारी हायेत, मला पाठवलंय."

सोमवारी मी गेले. कारखान्याच्या यार्डात उसाचे दोन-अडीचशे ट्रॅक्टर उभे होते आणि दाजी ऑफिसच्या पायरीवर वाट बघत होते. त्यांनी माझ्या मागं कुणी येतंय का ते पाहिलं.

"साहेब न्हाई आलं?"

तात्यांनी पढवलेलं वाक्य माझ्या अगदी ओठावर होतं. ते म्हटलं असतं तर काम मिळालं असतं, खोल्या मिळाल्याच होत्या, आणि सगळं सुरळीत झालं असतं. खरं बोलले तर दाजींची तक्रार माझ्या नावावर लागणार होती, आणि ती तात्यांच्या कानावर गेली की त्यांना शब्दाला जागावं लागलं असतं.

"सांगलीचा कुणी इंजिनियर नाही," मी म्हणाले. "ते सगळं मी केलं होतं. रेघा, झाडं, पाट्या. सदतीस नंबरही मीच काढला होता."

दाजी एक पायरी खाली उतरले. "म्हंजे मी ते गाढव म्हणालो..."

"मलाच."

त्यांनी फेटा काढून हातात घेतला आणि कपाळ पुसलं. एवढा मानाचा माणूस, पण त्याला कुठं बघावं ते सुचेना. आत जाऊन त्यांनी स्वतः खुर्ची आणली आणि माझ्यापुढं ठेवली.

"पोरी, चुकलं माझं. ती तक्रार मी मागं घेतो."

"नका घेऊ," मी म्हणाले. "राहू द्या. माझी आहे ती."